अपडेटची धूळपेरणी नको

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेमचे १.७ हे पुढचे मोठे अपडेट येणार, असे निर्मात्याने जाहीर केले आणि तेव्हापासून मोबाइलवर खेळणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आहे : कधी? आधी संगणकावर येईल, मोबाइलवर मागून येईल, आणि किती मागून ते कोणाला ठाऊक नाही, म्हणून चिडचिड आहे. ही चिडचिड खोटी नाही, तिच्यामागे कारण आहे. पण उशिराच्या रागात जे केले जाते त्याने नुकसान होते ते खेळणाऱ्याचेच, आणि ते गेमपुरते राहत नाही. त्याविषयी सविस्तर लिहितो आहे, कारण शहरात या गोष्टी शेजारचा कोणीतरी समजावून सांगतो. आपल्याकडे दारव्हा-दिग्रसच्या पुढे गेले की सांगणारा सापडत नाही.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या एरिक बॅरोन याने तो सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून बनवला. चित्रे, संगीत, संवाद, प्रोग्रॅम, सगळे त्याचेच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो संगणकावर आला, २०१८ मध्ये आयफोनवर आणि २०१९ मध्ये अँड्रॉइडवर. आजोबांचे पडीक वावर नातवंडाच्या वाट्याला येते. हाती ५०० नाणी आणि पार्सनिप या गाजरासारख्या कंदाच्या १५ बिया. वर्षाचे चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. पार्सनिप ४ दिवसांत निघतो. ब्लूबेरी १३ दिवसांनी धरते आणि मग दर ४ दिवसांनी तोडा देते. त्यामुळे गेममधल्या उन्हाळ्यात १५ तारखेनंतर लावलेली ब्लूबेरी एकदाही हाती लागत नाही, २८ तारीख उलटली की झाड वाळून जाते. हंगाम, वाण आणि तारखेचा हा हिशेब शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला कोणी शिकवावा लागत नाही. शिवाय गेम एकदाच विकत घ्यायचा, आत जाहिराती नाहीत, आत पैसे मागत नाही, आणि एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतो. डुकरांसाठी रात्री वावरात जागल करताना रेंज नसली तरी मचाणावर बसून खेळता येतो. आपल्या भागात तो इतका जिव्हाळ्याचा झाला त्यात नवल नाही.

आता उशिराचा हिशेब. १.५ हे अपडेट संगणकावर २१ डिसेंबर २०२० रोजी आले. मोबाइलवर आले जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे दोन वर्षांहून जास्त. १.६ संगणकावर १९ मार्च २०२४ रोजी आले आणि मोबाइलवर ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे साडेसात महिन्यांनी. दोन वर्षांवरून साडेसात महिन्यांवर येणे ही सुधारणा आहे, हे मान्य करायला हवे. पण ज्या घरात संगणक नाही, आणि कधी येण्याची शक्यताही दिसत नाही, तिथल्या खेळाडूने साडेसात महिने दुसऱ्यांच्या व्हिडिओत नवा गेम पाहायचा आणि आपल्या फोनवर जुनाच खेळायचा, हे बोचणारच. संगणकवाला हौसेने मागे राहू शकतो, मोबाइलवाल्याला मागे राहावेच लागते. निर्मात्यांकडे आपली तक्रार असेल तर ती एवढीच आहे, आणि ती रास्त आहे.

मात्र उशीर का लागतो हे समजून घेतले तर ‘एकच बटण दाबायचे तर आहे’ असे कोणी म्हणणार नाही. १.६ चेच उदाहरण घ्या. त्यात नुसती गाजर, ब्रोकोली अशी चार पिके, वाळवंटातली जत्रा आणि कोंबड्यांसह सुरू होणारे कुरणाचे शेत एवढेच आले नाही. आतली मांडणीच बदलली. पूर्वी गेममधल्या बहुतेक वस्तूंना नुसता आकडा असे, १.६ मध्ये त्या आकड्यांच्या जागी अक्षरांची ओळख आली, जेणेकरून बाहेरच्या लोकांना आपल्या नव्या वस्तू गेममध्ये घालताना आकड्यांची टक्कर होऊ नये. आपल्याकडे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा काय झाले, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. जमीन तीच, पण प्रत्येक सातबारा, प्रत्येक फेरफार, प्रत्येक धुऱ्याची नोंद नव्या नंबराशी जुळवावी लागली, आणि जिथे एक नोंद चुकली तिथे भावकीचे भांडण उभे राहिले. गेमचेही तसेच. तुमच्या शेतातल्या पेटीत चार वर्षांपूर्वी ठेवलेली एक वस्तू नव्या यादीत सापडली नाही, तर ती गायब होते किंवा शेत उघडतच नाही. जगभर कोट्यवधी प्रती विकल्या गेल्या आहेत, आणि प्रत्येकाची पेटी वेगळी भरलेली आहे.

त्यावर मोबाइलचे वेगळे काम. संगणकावर माउसने जे होते ते फोनवर बोटाने करायचे. पडद्यावरचा प्रत्येक चौकोन, प्रत्येक यादी, पेट्यांची प्रत्येक खिडकी पुन्हा मांडावी लागते, कारण संगणकाच्या पडद्यावर नीट दिसणारे बटण साडेसहा इंचांच्या फोनवर अंगठ्याखाली झाकले जाते. आयफोनचे मॉडेल मोजके आहेत. अँड्रॉइडचे शेकडो आहेत, त्यांत ३ जीबी रॅमचे आहेत, १२ जीबीचेही आहेत, कॅमेऱ्यासाठी पडद्यात भोक असलेले आहेत. गेम एकूण १२ भाषांत आहे. नवा मजकूर त्या सगळ्यांत जायचा. (त्या बारांत आपली एकही नाही, हिंदीसुद्धा नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदवतो. वेळ, दिवस, बी-बियाणे यांचे इतके शब्द मराठीत असताना हा गेम मराठीत असता तर वाचायला कंटाळणारी पोरेही वाचू लागली असती.)

आणि उशिराचा एक फायदा मोबाइलवाल्यांच्या लक्षात येत नाही. मार्च २०२४ मध्ये संगणकावर १.६ आले तेव्हापासून त्यातल्या चुका सापडत गेल्या आणि दुरुस्त होत गेल्या. ४ नोव्हेंबरला संगणकावर १.६.९ आले, त्याच दिवशी मोबाइललाही अपडेट मिळाले. म्हणजे पहिल्या साडेसात महिन्यांत ज्या चुकांनी संगणकवाल्यांना छळले, त्यांतल्या बऱ्याच मोबाइलपर्यंत पोचल्याच नाहीत. तरीही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुरुस्त्या येतच राहिल्या. इतके करूनही चुका उरतात, तर घाईने सोडले असते तर काय झाले असते?

काय होते त्याचे उदाहरण सगळ्यांसमोर आहे. ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा गेम १६ एप्रिल २०२० ला येणार होता. तो आधी सप्टेंबर, मग नोव्हेंबर, मग १० डिसेंबर २०२० असा पुढे ढकलला गेला. तारीख पुढे गेली म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले. शेवटी दबावाखाली गेम बाजारात आणला, आणि सोनी कंपनीच्या जुन्या प्लेस्टेशन या गेमच्या यंत्रावर तो इतका कोसळत होता की आठवडाभरात सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला व पैसे परत दिले. तो तिथे परतला जून २०२१ मध्ये. लोकांना हवा तसा तो झाला सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर. तीनदा उशीर करूनही कच्चेच बोंड तोडले गेले.

उशीर हाताळण्याची बरी पद्धतही आहे. ‘माइनक्राफ्ट’ या गेमच्या गुहा आणि कड्यांच्या अपडेटची घोषणा ऑक्टोबर २०२० मध्ये झाली. काम आवाक्याबाहेर जाते आहे हे दिसल्यावर एप्रिल २०२१ मध्ये निर्मात्यांनी सरळ सांगितले की आम्ही याचे दोन भाग करतो. पहिला ८ जून २०२१ ला आला, दुसरा ३० नोव्हेंबर २०२१ ला. त्याच घोषणेतला पुरातत्त्व उत्खननाचा भाग तर थेट जून २०२३ मध्ये आला. लोक चिडले, पण कोणाचे जग मोडले नाही. बॅरोनची पद्धत याहून वेगळी : काम हातावेगळे होत नाही तोवर तारीख सांगायचीच नाही. १.६ ची संगणकावरची तारीख त्याने २६ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे जेमतेम तीन आठवडे आधी सांगितली. अनेकांना हा मौनाचा प्रकार आवडत नाही. खोटी तारीख देऊन ती तीनदा बदलण्यापेक्षा तो मला तरी प्रामाणिक वाटतो. मोबाइलचे काम कुठवर आले आहे, एवढे मात्र त्याने अधूनमधून सांगत राहावे, १.६ च्या वेळी त्याने ते काही प्रमाणात केलेही होते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. अपडेट संगणकावर आल्यापासून मोबाइलवर येईपर्यंतचा जो रिकामा काळ असतो, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आणि टेलिग्रामवर ‘नवीन व्हर्जन, मोबाइलसाठी, लीक’ अशी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायची फाइल, फिरू लागते. आपल्याकडे मृगाचा पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत बी टाकतात, त्याला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पंधरा दिवसांची आघाडी मिळते. खंड पडला तर बियाण्याचा पैसा मातीत आणि दुबार पेरणी डोक्यावर. म्हणून तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी बजावतो. लीक फाइल ही तशी पेरणी आहे, फरक एवढाच की हिच्यात साधण्याची शक्यताच नाही. मोबाइलचे अपडेट तयारच झालेले नसेल तर त्याची फाइल येणार कुठून?

ती फाइल बसवायला गेल्यावर काय होते ते नीट समजून घ्या. अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची एक डिजिटल सही असते. प्ले स्टोअरच्या गेमवर एक सही, बाहेरच्या फाइलवर दुसरीच. सही जुळली नाही की फोन जुन्या गेमवर नवी फाइल बसवू देत नाही. ‘अ‍ॅप इन्स्टॉल झाले नाही’ किंवा ‘आधीच्या पॅकेजशी जुळत नाही’ असा संदेश येतो. ही फोनची चूक नसते, तो राखणदाराचे काम करत असतो. इथे ग्रुपवरचा सल्ला येतो : ‘जुना गेम आधी अनइन्स्टॉल कर.’ आणि इथेच शेत जाते. कारण गेममधले तुमचे शेत गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवलेले असते; गेम काढला की ते फोल्डरही फोन पुसून टाकतो. दोन-तीन वर्षे रात्री जागून उभी केलेली वाडी एका बोटाने साफ होते. ती परत आणण्याचा उपाय कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात नाही, कोणी आहे म्हणाले तर पैसे देऊ नका.

याहून वाईट पुढे आहे. गेमच्या नावाखाली आलेली फाइल उघडल्यावर ती एसएमएस वाचण्याची, नोटिफिकेशन पाहण्याची आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. शेतीच्या गेमला तुमचे मेसेज वाचून काय करायचे आहे? अ‍ॅक्सेसिबिलिटी ही सोय दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. ती मिळालेले अ‍ॅप पडद्यावरचे सगळे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. म्हणजे ओटीपी त्यांच्या हाती. अँड्रॉइड १३ पासून पुढच्या फोनांत बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहज मिळत नाही, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ असा अडथळा येतो. ठगांना ते ठाऊक असते, म्हणून ते व्हिडिओ करून दाखवतात की अ‍ॅपच्या माहितीत जा, वरच्या तीन टिंबांवर दाबा आणि बंधन काढा. कोणताही खरा गेम तुम्हाला हे तीन टिंब दाबायला सांगत नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे. आपल्याकडे फोन बहुधा घरात एकच असतो. पोराच्या हातात गेम आणि त्याच फोनवर बापाचे बँक खाते, पीक विम्याचे पैसे, कापसाच्या चुकाऱ्याचा मेसेज. म्हणून ही गोष्ट पोरांच्या खेळाची म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरी खूण पैशाची. या गेमच्या अपडेटला पैसे लागत नाहीत. आजवरची सगळी अपडेट फुकट आली, आणि पुढेही अपडेटसाठी पैसे घेणार नाही असा शब्द बॅरोनने जुलै २०२४ मध्ये जाहीरपणे, आपल्या घराण्याच्या नावाची शपथ घेऊन दिला आहे. तेव्हा ‘४९ रुपयांत आगाऊ १.७’ असे कोणी म्हणाले की तो ठग समजावा.

आणि फसवणूक झालीच तर : पहिल्यांदा त्या फोनचे नेट बंद करा, विमान मोड लावा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा आणि बँकेलाही. व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून जवळ ठेवा, ते विचारतातच. उशीर केला तर पैसे पुढच्या खात्यांत पांगतात आणि मग थांबवणे अवघड होते. घरच्यांच्या भीतीने पोरे दोन दिवस गप्प बसतात, त्या दोन दिवसांतच पैसा हातचा जातो. आईबापांनी आधीच सांगून ठेवावे की मार मिळणार नाही, पण ताबडतोब सांग.

खरे अपडेट येईल तेव्हाची तयारी आत्ता करून ठेवता येते. सगळ्यात आधी शेताची नक्कल. अँड्रॉइडवर शेत असते ते अंतर्गत स्टोरेजमधल्या ‘अँड्रॉइड’, त्यात ‘डेटा’, त्यात चकलफिश आणि स्टारड्यूव्हॅली अशी नावे असलेला फोल्डर, त्यात ‘फाइल्स’ आणि त्यात ‘सेव्ह्ज’. प्रत्येक शेताचा आपला फोल्डर, नाव आणि त्यापुढे लांब आकडा असा. अँड्रॉइड ११ पासून फोनमधला साधा फाइल मॅनेजर हा ‘डेटा’ फोल्डर उघडू देत नाही, म्हणून फोन केबलने संगणकाला जोडा, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि तिथून घ्या. बहुतेक फोनांत अशी वाट मिळते. केबल चार्जिंगपुरती असेल तर संगणकाला फोन दिसणारच नाही, डेटाची केबल लागते. तालुक्याच्या सेवा केंद्रावर किंवा शाळेच्या संगणकावर हे पाच मिनिटांचे काम आहे. नक्कल पूर्ण फोल्डरची करायची. आतली एकच फाइल उचलली तर परत टाकल्यावर शेत यादीत दिसत नाही. आयफोनवर ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये ‘ऑन माय आयफोन’खाली गेमचा फोल्डर मिळतो. नक्कल करण्याआधी गेममधला दिवस संपवून झोपा, म्हणजे पूर्ण नोंद होते. आणि नक्कल पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर ठेवा, त्याच फोनच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नको.

एक गोष्ट फिरवता येत नाही : नव्या आवृत्तीत उघडून जपलेले शेत जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून भावाच्या संगणकावर १.७ मध्ये शेत चालवायचे आणि मग ते फोनच्या १.६ वर आणायचे, असा बेत कोणी करू नये. उलट दिशेने, जुन्यातून नव्यात, ते जाते.

दुसरी तयारी जीमेलची. गेम विकत घेतला तो खात्यावर, फोनवर नाही. आपल्याकडे फोन बिघडला, नवीन घेतला की दुकानात घाईत नवे जीमेल काढून देतात, जुन्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही, आणि विकत घेतलेला गेम ‘पैसे भरा’ म्हणून समोर येतो. गेम ज्या खात्यावर घेतला ते खाते आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. ज्यांच्याकडे कुठून तरी आणलेली फुकटची प्रत आहे त्यांना अपडेट मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. बॅरोनने वर्षानुवर्षे फुकट अपडेट दिली आहेत. त्याचा गेम चोरून खेळायचा आणि वर उशिराबद्दल त्यालाच शिव्या द्यायच्या, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. अपडेट जेवढे एमबी दाखवते तेवढीच जागा असून भागत नाही. उतरवलेली फाइल, ती उलगडायला लागणारी जागा आणि जुना गेम हे काही वेळ एकत्र राहतात. ठोकळ हिशेब म्हणजे दाखवलेल्या आकाराच्या तिप्पट जागा मोकळी ठेवा. ३२ जीबीच्या फोनमध्ये अर्ध्याच्या आसपास जागा फोनची स्वतःचीच गेलेली असते, उरलेली ‘सुप्रभात’च्या चित्रांनी भरते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून मोठ्या फाइली आधी काढा. ‘क्लीनर’ नावाची अ‍ॅप घेऊ नका, आणि गेमच्या माहितीतले ‘क्लिअर डेटा’ तर चुकूनही दाबू नका. ‘क्लिअर कॅश’ वेगळे, ‘क्लिअर डेटा’ म्हणजे शेत गेले.

अपडेट आल्याची बातमी आली आणि तुमच्या फोनवर दिसत नाही, तेव्हा घाबरायचे कारण नाही. प्ले स्टोअरवर बनवणाऱ्याला अपडेट थोड्या-थोड्या टक्के लोकांना सोडता येते. एखादी चूक निघाली तर सगळ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून. त्यामुळे एकाच गल्लीत एकाला ‘अपडेट’ आणि दुसऱ्याला ‘ओपन’ दिसते. वेळेचाही फरक आहे, शिवाय अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. सिएटलला सकाळचे १० वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्याच्या घड्याळात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्याच्या घड्याळात साडेअकरा झालेले असतात. त्यांची ४ तारीख आपल्याकडे ५ तारखेची सकाळ ठरू शकते. आणखी एक कारण आपल्याकडे फार आढळते : प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये आपोआप अपडेट ‘फक्त वायफायवर’ ठेवलेले असते, आणि गावात वायफायच नसते. मग वर्षभर एकही अपडेट होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘मॅनेज अ‍ॅप्स’मध्ये हाताने अपडेट करा. रोजचा दीड जीबी संपलेला असेल तर रात्री १२ नंतर नव्या दिवसाचा डेटा मिळतो आणि तेव्हा टॉवरवर गर्दीही कमी असते.

अपडेट मे महिन्यात आले तर उन्हाचे भान ठेवा. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास तापली की बहुतेक फोन चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. चार्जिंगला लावून खेळत असाल तर ती वेळ लवकर येते. अपडेट अर्धवट असताना फोन बंद पडला तर जुना गेम सहसा तसाच राहतो, तो धोका मोठा नाही. धोका आहे तो नव्या आवृत्तीत पहिल्यांदा शेत उघडून झोपताना, कारण तेव्हा सगळी नोंद नव्या पद्धतीने लिहिली जाते. त्या वेळी बॅटरी निम्म्यावर तरी असावी आणि मध्येच दुसऱ्या अ‍ॅपवर जाऊ नये. लाइन जाण्याच्या वेळा ठाऊक असतीलच, त्याप्रमाणे सकाळचा गारवा साधावा. पहिला दिवस उजाडला की नव्या गोष्टींमागे धावण्याआधी पेट्या, गोठा, कोंबड्यांचे खुराडे पाहून घ्या. काही गायब असेल तर पुढे खेळू नका. जुनी नक्कल जपून ठेवा आणि दुरुस्तीची वाट पाहा.

तक्रार करायची तर ती कामाची करावी. ‘फालतू गेम, एक तारा’ यातून बनवणाऱ्याला काहीही कळत नाही. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, गेमची आवृत्ती, गेममधला दिवस आणि ऋतू, कोणते बटण दाबल्यावर काय झाले आणि दुसऱ्यांदा तसेच केल्यावर पुन्हा झाले का, एवढे लिहा. साध्या इंग्रजीत चार ओळी पुरतात. स्वस्त फोनांवरच्या चुका अमेरिकेत बसलेल्या माणसाला दिसत नाहीत, कारण ते फोन त्याच्याकडे नसतात. ते आपल्याकडे आहेत.

वाट पाहण्याचा काळ रिकामा नाही, हेही सांगायला हवे. १.७ साठी ओरडणाऱ्या अनेकांचे १.६ अजून झालेलेच नाही. शेती, खाणकाम, रानमेवा, मासेमारी आणि लढाई ही पाचही कौशल्ये दहाव्या पायरीला नेल्याशिवाय १.६ मधली प्रावीण्याची गुहा उघडत नाही. एकेका कौशल्याला १५,००० गुण लागतात. गुहेतल्या पाचही गोष्टी मिळवायला पुढे आणखी एकूण १,००,००० गुण. मोबाइलच्या १.६ मध्ये एकमेकांच्या शेतावर जाऊन खेळण्याची सोयही लपवून ठेवलेली आहे. ती प्रायोगिक आहे म्हणून मुद्दाम झाकलेली. दोन्ही फोनांवर गेमची आवृत्ती तंतोतंत सारखी लागते, आणि जोडणी आयपी पत्त्याने, म्हणजे नेटवरच्या फोनच्या क्रमांकाने, होते. सिमच्या नेटवर ती बहुधा जुळत नाही, कारण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देतात. दोन्ही फोन एकाच वायफायवर असले की काम होते. प्रयोगासाठी वेगळे शेत काढावे, मुख्य शेत त्यात घालू नये.

शेवटी गावोगावच्या मोबाइल दुकानदारांना एक विनंती. फोन हँग होतो म्हणून आला की फॅक्टरी रीसेट मारण्याआधी पोराला एकदा विचारा : यात कोणता गेम आहे, त्याचे शेत कुठे उतरवून ठेवले आहे का? नसेल तर केबल लावून ‘सेव्ह्ज’चा फोल्डर त्याच्या पेनड्राइव्हवर टाकून द्या, आणि मगच रीसेट करा.

आपला,
एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ